आत म्हणजे आत

आमच्या यार्डात मला मास्तर म्हणतात. शाळेशी माझा संबंध एवढाच की मी तिथे शिकायला गेलो होतो, आणि तेही शाळेनं फारसं मनावर घेतलं नाही. पण कुठे पाटीवर 'सुचना' लिहिलेलं दिसलं की माझा हात आपोआप खिशातल्या खडूकडे जातो. 'सु'चा 'सू' केल्याशिवाय पुढे पाऊल टाकवत नाही. पाटीखाली सूचना काय आहे, हे मात्र मी वाचत नाही. त्यापायी एकदा ओल्या काँक्रीटमध्ये घोट्यापर्यंत गेलो होतो. अक्षर शुद्ध झालं, बूट गेले.

आमचं काम भिंती ओतायचं. जागेवर नाही, यार्डात, साच्यात. नवी घरं झाली, नवे रस्ते झाले, गाड्या लावायला फरशा घातल्या, की पावसाच्या पाण्याला मुरायला जमीन उरत नाही. मग ते सैरावैरा धावत सुटतं आणि कुणाच्याही दारात शिरतं. त्यानं जरा दम खावा, शहाण्यासारखं हळूहळू पुढे जावं, म्हणून त्याच्यासाठी तळं खणतात. आणि तळ्याच्या काठची माती आत ढासळू नये म्हणून तिला अडवायला आमच्या भिंतीची पॅनलं उभी करतात. साच्याला तेल लावायचं, सळ्यांचा पिंजरा ठेवायचा, काँक्रीट ओतायचं, हवेचे बुडबुडे निघेपर्यंत हलवायचं, आणि मग लेकराला न्हाऊ घालावं तसं आठवडाभर पाणी मारायचं. काँक्रीट हलवताना मी गुणगुणतो,

भर गं बाई कोपरा कोपरा,
नको ठेवू वाऱ्याला आसरा.

पोरं हसतात. पण माझ्या पॅनलांना भोकं पडत नाहीत, हे त्यांनाही कबूल आहे.

आता पॅनल कसं असतं, ते सांगतो. कारण पुढची सगळी फजिती त्या आकारातच आहे. पॅनल म्हणजे पाय लांब करून, ताठ बसलेली बाई. तिची पाठ तळ्याकडे, म्हणजे पाण्याकडे. तिचे पाय मातीकडे. मग तिच्या मांडीवर माती भरायची. गंमत अशी की जी माती तिला ढकलायला बघते, तिचंच वजन मांडीवर पडून बाईला जागची हलू देत नाही. जाड सळ्याही मांडीच्याच अंगाला घातलेल्या असतात, कारण ताण तिकडून येतो. बाई उलटी बसवली तर मांडी रिकामी, बोजा पाठीवर, आणि सळ्या नको त्या बाजूला. पहिल्या मोठ्या पावसात ती तोंडावर पडणार.

म्हणून प्रत्येक पॅनलवर मांडीच्या अंगाला खूण असते. पूर्वी आमचा म्हातारा रंगारी तिथे पिवळा बाण काढायचा. बाणाचं टोक मातीकडे. बस्स. पंधरा वर्षांत त्या बाणानं एकही भिंत चुकू दिली नाही. पण मला तो बाण सलायचा. एवढी देखणी वस्तू आपण घडवायची, आणि तिच्या अंगावर मुकी खूण? आपल्याला भाषा कशाला दिली आहे? रंगारी निवृत्त झाला त्याच आठवड्यात मी पत्रा आणि कात्री घेऊन अक्षरांचा साचा कापायला बसलो.

शब्द ठरवायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी 'मागे' सुचला. पण मागे म्हणजे कुणाच्या मागे? वाचणारा वळला की मागचं पुढे होतं. असा दुतोंडी शब्द माझ्या पॅनलवर नको. नापास. दुसऱ्या दिवशी 'माती' सुचला. अर्थ चोख होता, अक्षरंही दोनच. पण वीस पॅनलांवर ओळीनं माती, माती, माती लिहायचं? लोक म्हणतील, मास्तरांनी कामाची माती केली. नापास. तिसऱ्या दिवशी आंघोळ करता करता 'आत' सुचला आणि मी अंगाला साबण असताना मोठ्यानं 'वा' म्हणालो. बाई मांडी पसरून बसली की तिच्या मांडीवरची जागा ती आतली जागा. कुशीसारखी. आत. किती माया आहे त्या शब्दात!

बाहेर आलो तर बायको टॉवेल घेऊन उभी. तिला सांगितलं.

ती म्हणाली, "कशाच्या आत?"

"आत म्हणजे आत."

"अहो, पण तळं असतं ना तिथे? मग—"

"तू कधी पॅनल ओतलं आहेस का?"

तिनं कधी पॅनल ओतलं नव्हतं. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला त्या वेळी सहमतीसारखं वाटलं. तीस वर्षांच्या संसारात मी हीच चूक अनेकदा केली आहे, पण प्रत्येक वेळी ती मला नवीन वाटते.

आता आमच्या थोरलीबद्दल. ती क्रेनला सिग्नल देते. क्रेनवाला उंच केबिनमध्ये बसलेला असतो, त्याला खालचं नीट दिसत नाही. खाली उभं राहून हातांच्या खुणांनी वर, खाली, हळू, थांब हे सांगणारं माणूस लागतं. तिनं त्याची परीक्षा दिली, पास झाली, आणि आम्ही ज्या तळ्याला भिंती देत होतो तिथेच तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम बरं वाटलं तर कायम, नाही तर घरी. तिसरा महिना संपायला चार दिवस उरले होते. इतके दिवस ती पाण्याच्या चौकोनी पेट्या बसवत होती. पेटीला ना मांडी, ना पाठ, कशीही ठेवा. भिंतीची पॅनलं ती पहिल्यांदाच बसवणार होती.

त्या दिवशी सकाळी ती बुटांच्या नाड्या बांधत होती तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो, "काही अडलं तर आधी मला विचार. ड्रॉइंग कागदाचं असतं, बाप हाडामांसाचा."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते यार्डात जाऊन दोघांना ऐकवलं.

सव्वासातला तिचा फोन आला. मी पिंजऱ्याच्या सळ्या मोजत होतो.

"बाबा, आत लिहिलेली बाजू आतच करायची ना?"

आता शहाण्या माणसानं विचारलं असतं, का गं, काय झालं? तिच्या आवाजात काहीतरी अडल्यासारखं होतं, ते मला ऐकू आलं होतं. पण मला आनंद झाला होता. तिला अडलं, आणि तिनं मला विचारलं!

"आत लिहिलंय तर आतच करणार ना! बाहेर करायची असती तर बाहेर लिहिलं नसतं का मी?"

"नाही, म्हणजे पाय—"

"अगं, दोन अक्षरं आहेत. त्यात काय एवढं शोधायचं? आत म्हणजे आत!"

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवून मी आजूबाजूच्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. मी मान हलवली, आजच्या पिढीचं काही खरं नाही अशी, आणि सळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, कारण आकडा विसरलो होतो.

दुपारी साडेबाराला चार पॅनलं घेऊन ट्रक तळ्याकडे निघाला, तेव्हा मीही ड्रायव्हरशेजारी चढून बसलो. काही काम नव्हतं. म्हटलं, पोरीचं काम बघू, जमलं तर तिच्या साहेबांसमोर दोन शब्द बोलू. खोटं कशाला सांगू, माझी अक्षरं उभी राहिलेली बघायची होती.

तळं म्हणजे अजून नुसता खड्डाच होता, कोरडा, मोठ्या मैदानाएवढा. ट्रक काठावर थांबला. मी उतरलो आणि खाली पाहिलं. नऊ पॅनलं एका रांगेत उभी होती, आणि प्रत्येकावर, उन्हात चमचमणाऱ्या पिवळ्या रंगात, माझी अक्षरं. आत. आत. आत. आत. नऊ वेळा. मी होतो त्या समोरच्या काठावरूनसुद्धा वाचता येत होती. 'आ'चा काना सरळ, 'त'ची शेपटी कशी डौलदार! माझी छाती फुगली. मी ड्रायव्हरला म्हणालो, "बघितलंस? किती लांबून दिसतं!"

तो म्हणाला, "हो मास्तर. छान दिसतं."

छान दिसतं. दिसतं? मातीखाली जायची बाजू तळ्यातून कशी दिसते?

मग मला पाय दिसले. नऊच्या नऊ बायका तळ्याच्या आत पाय पसरून, मातीकडे पाठ करून बसल्या होत्या, पिकनिकला आल्यासारख्या. माझ्या पायाखालची जमीन हलली नाही. ढासळायची ती माती अजून यायचीच होती.

खाली मुलगी उभी होती. डोक्यावर हेल्मेट, हात खाली. तिच्यासमोर इंजिनिअर मॅडम, एका हातात ड्रॉइंग आणि दुसऱ्या हातात फोन. क्रेन थांबलेली. क्रेनवाले काका केबिनमधून उतरून इथेच काठावर सावलीत पाणी पीत होते. मला पाहून ते म्हणाले, "या मास्तर. तुमचं अक्षर केबिनमधूनपण वाचता येतं हो. एकदम स्वच्छ."

"तुम्हाला कळलं नाही का, काका? पाय उलटे आहेत ते?"

"मला खालून हात दाखवतील तिथे मी ठेवतो. पाय कुठे करायचे ते मी ठरवायला लागलो तर पोरीनं काय करायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऑफिसवाले फोनवर म्हणतायत, सिग्नलवाली बदला. उद्या सकाळी मातीचे ट्रक येणार आहेत. आज भिंत सरळ झाली नाही तर ते परत पाठवायचे, आणि सगळं पोरीच्या माथी."

एक गोष्ट इथे लिहितो, लिहावीशी वाटत नाही म्हणून. खड्ड्यात उतरायच्या उतारावर मी अर्धं मिनिट थांबलो. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात आलं की अक्षरांचा साचा मी कापला हे यार्डाबाहेर कुणाला ठाऊक आहे? निवृत्त रंगाऱ्यावर ढकलता येईल, तो कुठे इथे सांगायला येणार आहे? आणि सकाळचा फोन, तो तर दोघांतलाच. हा सगळा विचार मी केला, शुद्ध भाषेत, स्वल्पविरामांसकट. मग खाली तिनं हेल्मेट काढून कपाळ पुसलं आणि परत घातलं, आणि मी उतरायला लागलो.

उतरता उतरता मी भाषण तयार केलं. भाषण उत्तम होतं. त्यात बाप होता, शब्द होता, चुकलेल्या शब्दाचं ओझं होतं, आणि शेवटी माझा आवाज भरून येणार होता. मी मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो, हात जोडले.

"मॅडम, दोष माझा आहे. अक्षर माझं, आणि अक्षराचा अर्थ—"

"हो, ताईनं सांगितलं," मॅडम म्हणाल्या.

"काय सांगितलं?"

"की तिला पाय बघून शंका आली होती. आणि तिनं ड्रॉइंग उघडायच्या ऐवजी वडिलांना फोन केला." त्या मुलीकडे वळल्या. "असंच ना?"

"हो," मुलगी म्हणाली. "ही माझी चूक."

वडिलांना विचारलं, ही चूक. एवढ्या थोडक्या शब्दांत माझं कुणी कधी वर्णन केलं नव्हतं. भाषण तसंच घशात राहिलं, भरून यायचा आवाजही आला नाही. मी म्हणालो, "पण उत्तर चुकीचं मी दिलं. ती आणखी विचारत होती, मी ऐकलं नाही. आत म्हणजे मांडीकडची बाजू, असं माझ्या डोक्यात. यार्डात सगळे तसंच समजतात."

"यार्डात तळं असतं का?"

"नाही, मॅडम."

"इथे आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पॅडला लावलेला कोरा कागद माझ्यापुढे धरला. "हे लिहून द्या. ऑफिसला पाठवते. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे."

मी कागद घेतला. लिहिलं: 'सविनय निवेदन की, सदर पॅनलांवरील 'आत' या शब्दाच्या द्व्यर्थी—'

"एका ओळीत," मॅडम म्हणाल्या.

मी ते खोडलं. आयुष्यात पहिल्यांदा खाडाखोड केलेला कागद कुणाला दिला. लिहिलं: 'आत हा शब्द मी लिहिला. मुलीनं विचारलं तेव्हा मी चुकीचं सांगितलं.' मुलीनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'मी ड्रॉइंग पाहिलं नाही.' 'ड्रॉइंग'मधला 'इं' तिनं दीर्घ काढला. मी काही बोललो नाही. याची नोंद कुणीतरी घ्यावी.

मॅडमनी कागदाचा फोटो काढून पाठवला. ऑफिसचं उत्तर आलं: आज अंधार पडायच्या आत नऊही सरळ झाली आणि तपासून घेतली, तर बघू.

"चार जण आहेत खाली," मॅडम म्हणाल्या. "पाचवा लागेल."

"मी आहे ना!"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नको म्हणेल. ती म्हणाली, "हेल्मेट घाला. आणि मी सांगेन तेच करायचं."

नऊ पॅनलं फिरवायची म्हणजे काय, ते सांगतो. आधाराचे टेकू सोडायचे. पॅनलच्या डोक्यावरच्या हुकांत साखळ्या अडकवायच्या. क्रेननं ते वीतभर उचलायचं, दोन बाजूंनी दोरी धरून हवेतल्या हवेत अर्धं वळण द्यायचं. खालचा सिमेंटचा मसाला खरवडून नवा पसरायचा. मग हळूहळू खाली, बोटाबोटानं. मी ही पॅनलं हजारांनी ओतली होती. पण साच्यात पॅनल निजलेलं असतं. हवेत लोंबकळणारं पॅनल मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. आपण घडवलेली वस्तू आपल्या डोक्यावर डोलायला लागली की तिच्याबद्दलची माया जरा कमी होते.

माझ्या हातात दोरी होती. पहिल्याच पॅनलला मुलगी ओरडली, "मागे व्हा!"

मी पॅनलच्या मागे गेलो.

"तिकडे नाही! तुमच्या मागे!"

क्रेन थांबली. काका केबिनमधून हसताना दिसत होते. मुलगी माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर काढणार माझी खरडपट्टी. तिनं मला खांद्यांना धरून दोन पावलं मागे सरकवलं, कपाटाला सरकवतात तसं, आणि म्हणाली, "बाबा, माझं ऐकू नका. माझे हात बघा."

मग मी हात बघायला लागलो. तळवा वर केला की पॅनल वर. बोट फिरवलं की पॅनल फिरे. दोन बोटांत चिमटा घेतल्यासारखं केलं की क्रेन अगदी जरासं, श्वासाएवढं, खाली येई. ती बोलत नव्हती. घरी ती इतकी बोलते की आम्हाला रेडिओ लावायला लागत नाही; इथे तिचं सगळं बोलणं मनगटात उतरलं होतं. लहानपणी तिला मी बोटाला धरून अक्षरं गिरवायला शिकवली होती, तेव्हाही ती मधेच हात सोडवून घेऊन आपलं आपण गिरवायची आणि मी रागवायचो.

दुसऱ्या पॅनलला माझी पाठ दुखायला लागली. तिसऱ्याला मसाला पसरताना गुडघ्यावर बसलो तो उठवेना, एका पोरानं हात दिला आणि विचारलं, "मास्तर, आता उठायचं आत की बाहेर?" चौथ्याला सगळ्यांनी ते वाक्य उचललं. पाणी प्यायचं आत की बाहेर, घाम पुसायचा आत की बाहेर. मीही हसलो. आधी हसलो नव्हतो, मग हसण्यावाचून इलाज राहिला नाही.

पाचव्या पॅनलला लेव्हल लावली तर एक कोपरा बोटभर उंच. मॅडम म्हणाल्या, पुन्हा उचला. मुलीनं तोंड वाकडं केलं नाही. पुन्हा उचललं. सहावं, सातवं. ऊन उतरायला लागलं, तशी तळ्यात पॅनलांची सावली लांब पडायला लागली. एकेक बाई पाण्याकडे पाठ करून, मांडी रिकामी ठेवून, उद्याच्या मातीची वाट बघत नीट बसत होती. मला उगीच भरून आलं. दुपारी यायला हवं होतं ते आत्ता आलं. मी दोरी धरून होतो, डोळे पुसता येईनात.

"मास्तर, दोरी सैल झाली!" ती ओरडली. बाबा नाही, मास्तर. मी दोरी ताणली.

नववं पॅनल टेकलं तेव्हा सूर्य काठाला लागला होता. मॅडम लेव्हल घेऊन एकापासून नऊपर्यंत चालत गेल्या. प्रत्येकापाशी ड्रॉइंग उघडत होत्या. मुलगी त्यांच्यामागे चालत होती, आणि तिच्याही हातात ड्रॉइंगची घडी होती, कडा मळलेली; ती कधी मागून घेतली ते मला कळलं नव्हतं. नवव्यापाशी दोघी थांबल्या. मॅडमनी फोन लावला. आम्हाला त्यांच्याकडचंच ऐकू येत होतं.

"हो. नऊही... मी स्वतः बघितली... नाही, बदलायची गरज नाही... हो, दोघांनी लिहून दिलंय... नाही साहेब, ती आधी बोलली, तो कागद नंतरचा."

फोन बंद करून त्या मुलीला म्हणाल्या, "उद्या सातला. मातीवाले आठला येतील, त्यांच्या आधी मला ही रांग पुन्हा बघायची आहे. आणि अजून अकरा बसवायची आहेत."

"सातला," मुलगी म्हणाली. एवढंच. पण हेल्मेटचा पट्टा सोडायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

मी पुढे झालो. "मॅडम, मीही येऊ का सातला? तेवढीच मदत."

मॅडमनी मुलीकडे पाहिलं.

"नको," मुलगी म्हणाली. मग, बहुतेक माझं तोंड बघून, "यार्डात उरलेल्या पॅनलांवरचं पुसून बाण काढायचे आहेत ना, बाबा. ते कोण करणार?"

दुपारी परत गेलेला ट्रक आणखी चार पॅनलं उतरवून माघारी निघाला होता. काठावरची जागा अरुंद. मागे एका अंगाला खड्डा, दुसऱ्या अंगाला खडीचा ढीग. मी ड्रायव्हरशेजारी चढलो. ट्रक मागे घ्यायचा होता. मुलगी आपली पिशवी खाली ठेवून ट्रकमागे जाऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केला. बाजूच्या आरशात ती दिसत होती, धुळीनं राखाडी झालेली, पाठीमागे उतरतं ऊन.

मी मान बाहेर काढून पाहिलं. चाक मला खड्ड्याच्या फार जवळ वाटलं. म्हणालो, "अरे, थोडा डावीकडे—"

"मास्तर," ड्रायव्हर आरशावरची नजर न काढता म्हणाला, "गप बसा. ताई दाखवतायत."

मी मान आत घेतली.